कोऱ्या कुपीतला सुळका

कोऱ्या कुपीत काही नसतं. नसायलाच हवं. शुद्ध पाणी भरून, झाकण लावून ती यंत्रापुढे ठेवायची आणि पडद्यावर सरळ रेष उमटली की सुटकेचा श्वास टाकायचा, एवढंच तिचं काम. त्या सोमवारी सकाळी सुल्मा बेंतांकोरच्या पडद्यावर ती रेष अर्ध्या वाटेपर्यंत शहाण्यासारखी चालत आली आणि मग टुणकन उडी मारून उभी राहिली. सुळका. तोही कॅफीनचा.

“मेल्या, तुला पाणी पाजलं ना मी?” सुल्मा यंत्रावर खेकसली. “मग कॉफी कुठून पिऊन आलास?”

यंत्राने आपला एकुलता एक हात पुढच्या कुपीवर नेला, झाकणातल्या रबरातून सुई आत खुपसली, डोळ्यांना दिसणारही नाही एवढा थेंब उचलला आणि केसासारख्या बारीक नळीत सोडून दिला. कागदोपत्री त्या हाताचं नाव ऑटोसॅम्पलर. पण हात एकच, म्हणून आला त्याच दिवशी वॉशिंग्टनने त्याचं बारसं करून टाकलं होतं: थोट्या. दुसऱ्या कुपीतही सुळका निघाला. तिसरीत नाही. चौथीत पहिल्यापेक्षा मोठा. चूक असावी तर ती धड तरी असावी. हे म्हणजे लहरी माणसासारखं, मनात आलं तर स्वच्छ, मनात आलं तर घाण.

वॉशिंग्टन हे नाव ऐकून दचकू नका. आमच्या उरुग्वेत त्या नावाला काही भाव नाही. पायसांदूच्या कुठल्याही चौकात हाक मारा, दोघं तरी वळून बघतील. हा वॉशिंग्टन तेचेरा म्हणजे इस्पितळाच्या प्रयोगशाळेतला जुना तंत्रज्ञ. सुल्मापेक्षा वयाने मोठा, हुद्द्याने लहान, आणि जिभेने कुणालाच न ऐकणारा. सुल्मा प्रयोगशाळेची प्रमुख. दोघांची इतकी वर्षं एकत्र गेली होती, की कोण कुणाचा साहेब हे त्यांच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

थोट्याला आणलं होतं वरच्या मजल्यावरच्या बाळांसाठी. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं श्वास घ्यायचं विसरतात. खरंच विसरतात. त्यांना आठवण राहावी म्हणून डॉक्टर कॅफीन देतात. कमी पडलं तर बाळ पुन्हा विसरतं, जास्त झालं तर त्याचं काळीज घोड्यासारखं पळायला लागतं. तेव्हा रक्तात ते किती आहे हे मोजणं आलं. आजवर त्यासाठी सिरिंज भरून रक्त काढायचं, ते बसने राजधानीला पाठवायचं आणि उत्तराची वाट बघत बसायचं. उत्तर येईपर्यंत बाळाची तब्येत भलतीकडेच गेलेली असायची. आता या नव्या छोट्या यंत्राला टाचेतून काढलेला एक थेंब पुरणार होता. पण आधी शुक्रवारी मोंतेविदेओहून तपासणीचे लोक येणार होते. त्यांच्यासमोर कोऱ्या कुप्या कोऱ्या निघाल्या नाहीत, तर यंत्र पेटीत घालून परत, आणि बाळांच्या अंगात पुन्हा सिरिंज.

वरच्या बाळांमध्ये सगळ्यात लहान होती हासिंता. वॉशिंग्टनची नात. तिच्या अंगातलं सगळं रक्त माटेच्या एका तुंब्यात मावलं असतं.

माटेची गोष्ट निघालीच आहे, तर सांगून टाकतो. आमच्याकडे माणूस घराबाहेर पडतो तो डाव्या काखेत गरम पाण्याचा थर्मास मारून आणि हातात तुंबा घेऊन. तुंब्यात येर्बाचा हिरवा चुरा, चुऱ्यात धातूची नळी. पाणी ओतायचं, ओढायचं, पुन्हा भरून शेजाऱ्याच्या हाती द्यायचं. कचेरीत, बसमध्ये, मयताच्या घरी, कुठेही. प्रयोगशाळेतही दिवसभर तेच चालायचं. आणि त्या चुऱ्यात कॅफीन ठासून भरलेलं असतं. जे मोजायचं तेच प्यायचं, हे कसं चालेल? म्हणून थोट्या आला त्या दिवशी सुल्माने फतवा काढला: माटे दाराबाहेर.

“कॅफीन नाही गं त्यात,” वॉशिंग्टन म्हणाला होता. “माटेत असतं ते माटेईन. माझी आजी सांगायची.”

“तुझ्या आजीला बाहेर बसून पी म्हणावं.”

सगळे निमूटपणे बाहेर गेले. थर्मास गेले, तुंबे गेले. राहिली एकच वस्तू: येर्बा ठेवायची सुल्माची चामड्याची डबी. ती वॉशिंग्टनने स्वतः शिवली होती, तिच्या वाढदिवसाला. रविवारी तो चामड्याची कामं करत बसायचा, हात चांगला होता. दोन कप्पे, घट्ट झाकण, कडेने दुहेरी शिलाई. ती फेकवेना. सुल्माने आतली येर्बा काढून घरी नेली, डबी स्पिरिटने पुसली आणि फळीवर रिकामीच ठेवली. महिन्याभराने कुप्यांच्या झाकणांची पिशवी फाटली, तेव्हा तिने झाकणं त्या डबीत ओतली. हाताशी राहिली की तिला बरं वाटायचं.

पहिला महिना थोट्या सोन्यासारखा वागला. मग हे सुरू झालं. सुल्माने सुई धुतली. नळ्या धुतल्या. पाणी बदललं, धुवायचं द्रावण बदललं, कुप्या बदलल्या. हातमोजे घालून हात धुतले आणि हात धुऊन हातमोजे घातले. कुणावर भरवसा नको म्हणून कुप्या भरणं, झाकणं लावणं, सगळं तिने स्वतःच्या अंगावर घेतलं. तरी सुळका हजर. शेवटी तिने तेच पाणी उघड्या नळीतून साध्या सिरिंजने ओढलं आणि थोट्याला बाजूला सारून हाताने यंत्रात सोडलं. रेष सरळ! पुन्हा सोडलं. पुन्हा सरळ! मग थोट्याकडून तेच पाणी. सुळका!

“झालं तर मग,” ती म्हणाली. “चोर सापडला. हा हातच चोर आहे.”

मंगळवारी कंपनीचा माणूस मोंतेविदेओहून आला. दामियान स्कारोने, पोरसवदा, केसांना चापूनचोपून काहीतरी लावलेला. त्याने थोट्याची सुई बदलली, आतलं रबर बदललं, झडप खोलून पुसली. नवाकोरा हात म्हणावा एवढं सगळं बदललं. सुल्माने कुपी ठेवली, आणि दामियानच्या डोळ्यांदेखत सुळका आला.

“अहो बाई, यंत्रात काही नाही,” दामियान हात पुसत म्हणाला. “हेच यंत्र दुसरीकडे तक्रारीशिवाय चालतंय.”

“दुसरीकडे चालतंय म्हणून इथे चालतंय असं मी कागदावर लिहून देऊ?”

“तसं नाही. पण नाचता येईना अंगण वाकडं, असं नको व्हायला.”

सुल्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अंगण तुझं आहे, बाळ,” ती म्हणाली. “शुक्रवारपर्यंत सरळ झालं नाही, तर गुंडाळून घेऊन जा.”

“शुक्रवारी सकाळी पेटी घेऊन येतो,” तो म्हणाला. मग दारात थांबून त्याने हवा हुंगली. “एक सांगू? राग मानू नका. कॅफीन हवेतून येत नाही. इथं कुणीतरी माटे पितंय.”

तो गेला, पण ते वाक्य मागे ठेवून गेला. सुल्मा त्याच्याभोवती घिरट्या घालत राहिली. कुणीतरी म्हणजे कोण? हे कधीपासून सुरू झालं ते तिने मोजून पाहिलं, आणि बोट एकाच जागी येऊन थांबलं: हासिंता जन्मली त्या आठवड्यापासून. तेव्हापासून वॉशिंग्टन दिवसातून कितीदा तरी वर जायचा. वर काचेबाहेर त्याची बायको, मुलगी, जावई, सगळा गोतावळा बसलेला, आणि त्यांच्यामध्ये तुंबा फिरत असणारच. तिथून तो तसाच खाली यायचा. तसाच.

त्यात बुधवारी डॉक्टर इरुरेता खाली आली. वरच्या कक्षाची डॉक्टर, बारकी, झोप न झालेली.

“सुल्मा, अगं हासिंता रात्री पुन्हा थांबली,” ती म्हणाली. “टिचकी मारून जागी केली. डोस वाढवू की तसाच ठेवू? मला आकडा दे.”

“आकडा देता येत नाही. यंत्र खोटं बोलतंय.”

“मग रक्त काढून राजधानीला पाठवू का? तिच्यात काढण्यासारखं उरलंय काय? कालच्या तपासण्यांनी पोर पांढरी पडलीय.”

“शुक्रवारपर्यंत थांब.”

“मी थांबते गं. ती थांबली म्हणजे काय होतं ते तुला ठाऊक आहे.”

डॉक्टर गेली. तेवढ्यात वॉशिंग्टन वरून आला, डोळे तांबारलेले, आणि त्याच्या कपड्यांना येर्बाचा ओला, गवतासारखा वास येत होता. सुल्माच्या डोक्यात जे साचलं होतं ते सगळं त्या वासावर जाऊन आदळलं.

“तू प्यायलास.”

“काय?”

“माटे. वर बसून पितोस आणि त्याच हातांनी इथे सगळीकडे शिवतोस. तुझ्याच नातीचा आकडा मला देता येत नाहीये, कळतंय का तुला?”

“मी प्यायलो नाही,” वॉशिंग्टन हळू म्हणाला. “वर सगळे पितात, मी त्यांच्यात बसतो. पण मी पीत नाही.”

“तू? तू माटे पीत नाहीस? आणि मी राणी आहे स्पेनची.”

“माझं कपाट उघडून बघ.”

असं म्हटल्यावर शहाण्या माणसाने कपाट उघडायचं नसतं. सुल्माने उघडलं. आत त्याचा जुना डगला, रिकामा जेवणाचा डबा, आणि वरच्या कप्प्यात तुंबा. घासूनपुसून कोरडा केलेला, त्याच्या गळ्याशी निळीपांढरी फीत बांधलेली.

“मग हे काय आहे?”

बाकीचे लोक आपापल्या टेबलांवर माना खाली घालून बसले होते. वॉशिंग्टनने पुढे होऊन कपाटाचं दार आवाज न करता लावलं.

“चोर सोडून संन्याशाला फाशी देताय,” तो म्हणाला. “पण प्रमुख तुम्ही आहात. तुम्हाला वाटतं तसं असेल, बाई.”

तुम्ही. बाई. इतक्या वर्षांत त्याने तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. तिच्या लग्नात नाही, तिच्या बापाच्या मयतात नाही. त्या दिवसापासून तो तिच्या यंत्राच्या खोलीत पाऊल टाकीना. आणि वॉशिंग्टन खोलीत नसतानाही, दारं बंद असतानाही, गुरुवारी सकाळी कोऱ्या कुपीतून सुळका निघाला. तेव्हा सुल्माला रडू आलं. दुःखाने नव्हे, संतापाने. माणूसही गेला आणि सुळकाही गेला नाही.

गुरुवारी दुपारी तिने हार मानली. पेटी यायच्या आत आवराआवर केलेली बरी, म्हणून ती फळ्या रिकाम्या करायला लागली. शेवटचं एकदा, निव्वळ सवयीने, तिने कुप्यांमध्ये पाणी भरलं आणि झाकणांसाठी डबीत हात घातला. डबी रिकामी. आठवडाभर वेड्यासारख्या कोऱ्या कुप्या चालवून तिने सगळी झाकणं संपवली होती. एरवी तिने नवी पिशवी आणून डबीत ओतली असती. आज कुणासाठी ओतायची? तिने कपाटातली पिशवी ओढली, दातांनी फाडली, त्यातलीच झाकणं कुप्यांना लावली आणि थोट्यापुढे आपटली.

“घे. हे पण नासव.”

पहिली रेष सरळ गेली. सुल्माने लक्ष दिलं नाही, थोट्याची लहर. दुसरी सरळ. ती नळ्या सोडवत होती, थांबली. तिसरी सरळ. ती खुर्ची ओढून पडद्यापुढे बसली. चौथी, पाचवी, जितक्या कुप्या होत्या तितक्या रेषा, तळ्यातल्या पाण्यासारख्या शांत.

कुणाला हाक मारावी हे तिला सुचेना. हाक मारायची सवय ज्याची होती तो बोलत नव्हता. बदललं काय, याचा विचार करता करता तिची नजर हातातल्या फाटक्या पिशवीवर गेली आणि तिथून रिकाम्या डबीवर. तिने डबी उचलली, खिडकीशी नेली, पांढऱ्या कागदावर उलटी धरून बुडाशी टपली मारली. कागदावर काही पडलं नाही. मग तिने नखाने शिलाई उसवली.

आमची येर्बा फार बारीक दळलेली असते, पावडरीसारखी. दुहेरी शिलाईच्या फटीतून कागदावर हिरवी पूड सांडली. चिमूटभरही नव्हती. एवढी वर्षं तिथे दबा धरून बसलेली. डबीत हात घातला की चामडं दबायचं, कणभर पूड फटीतून बाहेर यायची आणि झाकणांच्या रबरावर बसायची, एखाद्यावर जास्त, एखाद्यावर मुळीच नाही. आणि थोट्या बिचारा त्या रबरातून सुई खुपसून ती कुपीत न्यायचा. सिरिंजने हाताने सोडलेल्या पाण्याला झाकणच नव्हतं, म्हणून ते स्वच्छ. थोट्या एकदाही खोटं बोलला नव्हता. जे होतं ते तो सांगत होता, रोज, तोंडावर.

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं आपण म्हणतो. सुल्माने तर वळसा घालताना वाटेत भेटलेल्या माणसाला चोर म्हणून झोडपलं होतं.

तिने आधी इरुरेताला फोन केला. “थेंब पाठव,” ती म्हणाली. “एकच.”

हासिंताचा थेंब आला. सुल्माने नवं झाकण लावलं, दोन बोटांनी, श्वास रोखून. थोट्याने सुई खाली नेली, उचलली, सोडली. या वेळी रेषेने सुळका काढला तो हवा होता. आकडा कमी होता, पोरीला डोस पुरत नव्हता. इरुरेताने फोनवर आकडा दोनदा वदवून घेतला आणि आभार न मानताच ठेवून दिला; धावत गेली असणार.

शुक्रवारी तपासणीचे लोक आले, कोऱ्या कुप्या कोऱ्या निघालेल्या पाहिल्या, सह्या केल्या. दामियान रिकामी पेटी घेऊन आला तसा रिकामी पेटी घेऊन परत निघाला.

“कशात होतं शेवटी?” त्याने विचारलं.

“अंगणात नव्हतं,” सुल्मा म्हणाली. तेवढं तरी त्याला देणं लागत होतं.

मग तिने उसवलेल्या शिलाईला जमतील तसे टाके घातले, डबीत येर्बा भरली, काखेत थर्मास मारला आणि ती बाहेर व्हरांड्यात गेली. वॉशिंग्टन तिथे बाकावर एकटा बसला होता, गार वारं खात. वरून बातमी आली होती: हासिंता रात्रभर एकदाही थांबली नव्हती.

सुल्मा त्याच्या शेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं. डबी, शिलाई, पूड, झाकणं. काही झाकून ठेवलं नाही. “चूक माझी होती,” ती म्हणाली. “आणि मी सगळ्यांसमोर तुझं कपाट उघडलं. ते कसं भरून काढायचं मला माहीत नाही.”

वॉशिंग्टनने डबी हातात घेतली आणि वाकड्यातिकड्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. “म्हणजे ते लपवून ठेवलं मीच, या हातांनी,” तो म्हणाला. “एवढी घट्ट शिवायला नको होती.”

सुल्माने तुंबा भरला, पहिला घोट स्वतः ओढून टाकला, पुन्हा भरला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने हात पुढे केला नाही.

“नको, बाई.”

तिचा हात तसाच राहिला. तिला वाटलं, संपलं. यापुढे आयुष्यभर तुम्ही आणि बाई. “राग गेला नाही ना?”

“राग आहे. तो कुठे जातोय लगेच.” त्याने मान वर करून वरच्या खिडक्यांकडे पाहिलं. “पण त्यासाठी नाही म्हणत नाही मी. तुंब्याची फीत बघितलीस ना? पोर जन्मली तेव्हा डॉक्टर म्हणाली, आता देवाच्या हाती. मला देवाला द्यायला दुसरं काय होतं? आपल्या देशाची राखणदार, त्या तेहतीसांच्या माउलीला नवस बोललो, ही घरी जाईपर्यंत माटेला तोंड लावणार नाही. घरीसुद्धा नाही. बायकोला वाटतं माझं पोट बिघडलंय. नवस बोलून दाखवायचा नसतो, म्हणून गप्प बसलो.”

जगातल्या ज्या एका माणसाने तो कडू घोट सोडला होता, त्यालाच तिने तो प्यायल्याबद्दल पकडलं होतं. सुल्माची मान वर होईना. भरलेला तुंबा हातात निवत चालला; पिववेना आणि ओतवेनाही.

“पी आता,” वॉशिंग्टन म्हणाला. “गार करून वाया घालवू नकोस. वास तरी येऊ दे मला.”

ती प्यायली. तो शेजारी बसून राहिला. मग उठला, गुडघ्यांवर हात टेकून, म्हाताऱ्यासारखा कण्हत, आणि डबी तिच्या मांडीवर ठेवली.

“ही जपून ठेव. पोर घरी गेली की पहिला तुंबा यातलाच भर मला,” तो म्हणाला. “आणि तोवर, सुल्मा, हात जोडतो, हिच्यात झाकणं ठेवू नकोस.”